तो नसता तर, दाजी

रविवार, ९ मार्च

दाजी,

नमस्कार. ताईलाही सांगा. इकडे सगळं ठीक आहे, आणि या खेपेला हे वाक्य मी सवयीने लिहीत नाहीये. फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ताईच्या हातात देता, म्हणून पत्र. रागाने बाजूला ठेवलंत तरी फाडू नका. तुमच्याच कामाचं आहे.

टायरच्या दुकानावरच्या आमच्या सरावाच्या खोलीचं छप्पर एकदाचं गळायचं थांबलं. माझा गुडघा जिना चढताना बोंबलतो. तुमच्या लॉन्ड्रीत नवं यंत्र आलं, असं ताई म्हणाली. चांगलं झालं.

गेल्या महिन्यात एका बातमीदाराने मला गाठलं. हेवीवेटचा आपला थोर चॅम्पियन जाऊन वर्ष होतंय, तर पुरवणी काढायचीय म्हणे: तो जन्मलाच नसता तर बॉक्सिंगचं काय झालं असतं? आता हे मला नाही तर कुणाला विचारणार? ज्याची त्याच्याशी लढत ठरायची, तो मला सरावाला पगारी ठेवायचा. ‘उद्यापासून तू तो,’ एवढंच सांगायचा. मग मी चॅम्पियनसारखे हात कमरेशी सोडून नाचायचो, मान मागे टाकून ठोसे चुकवायचो आणि समोरचा मला बडवून शिकायचा. नक्कल माझी, मार अस्सल. ‘नकल्या’ हे नाव काही फुकट पडलेलं नाही.

बातमीदाराला छापण्याजोगं सांगितलं. तो नसता तर हे जडशीळ गडी आणखी कित्येक वर्षं एका जागी उभं राहून एकमेकांना कुटत बसले असते. लढतीआधी कुणी तोंड उघडलं नसतं. त्याच्याकडून दोनदा हरलेला तो मुखदुर्बळ माणूस दहा वर्षं पट्टा मिरवत राहिला असता, आणि लोकांनी कंटाळून हलक्या गटांच्या लढतींची तिकिटं काढली असती. बातमीदार खूश होऊन गेला.

खरं उत्तर मला दुसऱ्याच ठिकाणी मिळालं. तेच लिहायला बसलोय, आणि मघापासून छपराच्या गोष्टी करतोय.

दाजी, तुमच्या लेकीला जानेवारीच्या शेवटी डोळ्याला लागलं. आधी हे वाचा: काल तपासणी झाली. डोळा वाचलाय. दिसतंय. आता पुढचं वाचा.

ताईला सर्दी-पडसं सांगितलं ते खोटं होतं. ‘आईबाबांना कळवलंस तर उठून चालू पडेन,’ अशी धमकी तिने दिली होती. पोरगी तुमची आहे, तिने करून दाखवलं असतं. लढतीत झालं असं, की तिने माझ्याकडून उचललेल्या सवयीने हात खाली सोडला आणि ठोसा चुकवायला मागे झुकली. पण मागे दोर होता. झुकायला जागाच उरली नाही आणि ठोसा सरळ डाव्या डोळ्यावर बसला. आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन करून डोळ्यात हवा भरली, आणि ती हवा पडदा दाबून धरेल म्हणून पोरीला कितीतरी दिवस पालथं झोपवलं. ती खाटेवर पालथी, तोंड काठाबाहेर, मी खाली सतरंजीवर उताणा. एकमेकांचं तोंड बघून बोलायचं तर दुसरा उपायच नव्हता. नर्स मला ओलांडून जायची.

‘मामा, काय सांगितलंस त्या पेपरवाल्याला?’

मी सांगितलं.

‘हे सगळं जगाचं झालं. तुझं काय झालं असतं?’

‘रंगारी झालो असतो. नाक सरळ राहिलं असतं.’

‘लग्नही झालं असतं.’

‘त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.’

ती हसली, म्हणून नर्स माझ्यावर ओरडली. मग वरून आवाज आला, ‘तो नसता तर मी बाबांसारखी हात वर धरून लढले असते.’

मी नजर छताकडे वळवली. छत दिसत नव्हतंच, तिचं तोंड होतं मध्ये.

तुम्ही खोलीत येऊन तिला ‘हात वर घे, हनुवटी झाक’ म्हणालात, तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो होतो, ‘दाजी, कपाटं फर्निचरच्या दुकानात शोभतात.’ पोरं हसली. तुम्ही जिना उतरलात ते उतरलातच. तुमची ती बंद कपाटासारखी लढत बघायला कंटाळवाणी होती, हे मी आजही म्हणेन. पण तसं हात सोडून लढणं त्या एकट्या चॅम्पियनलाच जमत होतं, दाजी. त्याचं बघून गावोगावच्या पोरांनी हात खाली सोडले. त्यांचं पुढे काय झालं, हे कुठली पुरवणी छापणार नाही.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘नजर आली, पण रिंग बंद. कायमची.’ मला वाटलं, आता ही रडणार. तर विचारते, ‘बाहेर उभं राहून शिकवलेलं चालेल?’ त्या म्हणाल्या, ‘बाहेर हवी तेवढी ओरड.’ मी तोंडदेखली हळहळ केली. तुम्हाला म्हणून सांगतो, आतून इतकं हलकं वाटलं, की दवाखान्याचा जिना गुडघ्याला न विचारता उतरलो.

आता तिला नव्या मुलींना शिकवायचंय. म्हणते, पहिलं वर्षभर नुसते हात वर, आणि त्यासाठी मामा काही कामाचा नाही. खरंच आहे. मी हात वर धरले तरी पाच मिनिटांत ते आपोआप कमरेशी येतात. आयुष्यभर एकच माणूस झालो, दुसरा येत नाही.

म्हणून दाजी, तुम्ही या. रविवारी खोली रिकामी असते, पण रविवारी येऊ नका. सगळी असतील तेव्हा या. बोललो त्यांच्यासमोर होतो, तर शिकेनही त्यांच्यासमोरच.

तुमचा मेव्हणा

पाकीट बंद करत होतो, तर ही कागद ओढतेय.

बाबा, उजवा डोळा झाकून, नुसत्या डाव्याने बघून लिहितेय. ओळ तिरकी गेलीये. कुठून तिरकी गेली, तेही दिसतंय.

आईला घेऊन या.

तुमची लेक