लेण्यांच्या पायऱ्यांवर ताईची चाल

नाशिक रोड,
गुरुवार

प्रिय मालनताई,

सप्रेम जय भीम. आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरी असशील, असं नेहमीसारखं लिहायला गेले आणि पेन थांबलं. तू बरी नाहीस, आणि त्याला कारण मी आहे.

आमच्या विहारात भंतेजींनी चालण्याचं ध्यान शिकवलं, हे तुला माहीतच आहे (तू इथे होतीस तो आठवडाभर मी दुसरं काही बोललेच नाही). पाऊल उचलताना उचलतेय हे जाणायचं, टेकताना टेकतेय हे. मी ते इतकं मनावर घेतलं की हॉलमधून ओट्यापर्यंत पोहोचेस्तोवर दूध उतू जायचं, आणि सिग्नल दोनदा बदलला तरी मी रस्त्याच्या मधोमध. एक रिक्षावाला ओरडला, "मावशी, आज पोचायचंय का उद्या?" मला काही वाटलं नाही. डाव्या टाचेला काय वाटतंय, ते मात्र नीट कळत होतं.

म्हणून तू मनमाडहून आलीस तशी तुला पांडवलेणीवर नेलं, विहारातल्या बायांसोबत. तू एकेका पायरीवर थांबत होतीस, डोळे मिटून. आणि मी मूर्ख, मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "बघा माझी ताई! याला म्हणतात सजग चालणं. शिका जरा!" लंकाबाई तर तुझं बघून प्रत्येक पायरीला डोळे मिटायला लागल्या (त्यांच्या मागे सहलीला आलेली अख्खी शाळा अडकली). वर पोचल्यावर त्यांनी तुला वाकून नमस्कार केला. तू नुसती हसलीस.

परवा तुझ्या चैतालीचा फोन आला तेव्हा कळलं. गुडघा दोन महिन्यांपासून दुखतोय, डॉक्टरांनी पायऱ्या चढायला मनाई केलीय. "मग बोलली का नाही गं ती?" तर म्हणाली, "मावशी, आई म्हणते, इतक्या वर्षांनी हर्षाली माझं कौतुक करत होती."

ताई, चढताना तुझा हात माझ्या खांद्यावर होता. किती जड पडत होता, ते आज आठवतंय.

तुझी धाकटी,
हर्षाली

ता. क. ऑपरेशन सोमवारी आहे, हेही चैतालीनेच सांगितलं. तू तिला बजावलंस म्हणे, "मावशीला कळवू नको, ती मला पलंगापासून मोरीपर्यंत ध्यान करत नेईल." नाही नेणार. पंधरा दिवस फक्त तुझ्याजवळ राहू दे.

आणखी एक ता. क. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र पोस्टात टाकलं नाही. स्वतःच मनमाडला येऊन तुझ्या दाराखालून सरकवतेय. मी बाहेर बसलेय. तू उठू नकोस, कडी काढायला चैतालीला पाठव.