दारातून परत गेलेली खीर

माय, कॅनडाहून सुट्टीवर आलेल्या तुझ्या नातवाच्या बॅगेतून काल गोळ्यांचं पाकीट निघालं. धुण्याचे कपडे काढायला मी ती उघडली होती. चौतीस वर्षांचा पोरगा, तंबाखूला शिवत नाही, आणि ब्लडप्रेशर! मी पाकीट हातात धरून तशीच खाली बसले. "काऊन रे, मले सांगितलं नाही?" तर म्हणतो, "तू साऱ्या साखरखेर्डा गावाले सांगतं मंग." मग म्हणाला, तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, आठवड्यात कितीदा कोणासोबत जेवतोस? "मी म्हटलं, रोज जेवतो, मोबाइलसोबत." त्या हसल्या नाहीत म्हणे. एकटं राहणंही अंगाला बाधतं, माणसांत जा, असं त्यांनी बजावलं.

मी विचारलं, तिथं शेजारपाजार नाही का? "आहे न. समोरच्या पंजाबी काकू पहिल्याच महिन्यात खीर घेऊन आल्या होत्या. मी दारातूनच वापस केली. तूच तं सांगितलं होतं, कोणाचं खाऊ नको, कोणाच्या घरी जाऊन बसू नको." माय, तिकडं चार वर्षं त्यानं माझा शब्द पाळला. विधवेचं पोरगं लोकांच्या तुकड्यांवर वाढलं असं कोणी म्हणू नये, म्हणून लहानपणापासून मीच ते त्याच्या कानी घातलं होतं.

हे गेल्यावर मी दार लावून घेतलं होतं, ते दिवस कालपासून डोळ्यांपुढून हलत नाहीत. छाती धडधडायची, घास उतरत नव्हता. तू माहेराहून, बीबीहून एसटीनं येतेस, पदर खोचतेस, मला न विचारता उडदाचं पीठ भिजवतेस आणि गल्लीत हाका मारतेस, "या वं बायाहो, पोळपाट घेऊन या!" मी चिडते. तू म्हणतेस, "गुमान लाट. एकटीच्यानं पापड होत नसते." आठ दिवस घरात बाया, चहा, थट्टा. मी जेवू लागले. धडधड डॉक्टरच्या औषधानं थांबली, असंच मी कालपर्यंत समजत होते. वाचनालयातली इतकी पुस्तकं वाचली, पण तू तेव्हा काय केलंस ते मला काल कळलं.

तो परवा निघतो. सकाळपासून तीनदा त्याच्याजवळ जाऊन बसले, पण माझं सांगणं चुकलं, एवढं तोंडातून निघालं नाही. चटणी बांधून देऊ का, असं विचारून उठले. आत्ता तो पाणी प्यायला आत आला, तेव्हा तुला लिहीत असलेला हा कागदही मी पदराखाली झाकला.