भाऊबीजेच्या पंगतीतले बैल

माय, परवाच्या भाऊबीजेला मला तुझी ती बंदी आठवली. तुला एकुलता एक भाऊ, आमचा धानोऱ्याचा मामा, आणि तो त्या बंदीच्या आदल्या दिवाळीत बाबांशी भांडून अर्ध्या पानावरून उठला होता. तेव्हा नवी राज्यं व्हायची होती. बाबांना नागपूर राजधानी असलेला वेगळा विदर्भ हवा होता, मामाला मुंबईसकट सगळा मराठी मुलूख एकत्र. "तुमची राजधानी तुमालेच मुबारक!" म्हणून मामा खरकट्या हातानंच नागभीडच्या स्टेशनाकडे निघाला. मग वर्षभर त्यानं आपला उंबरा शिवला नाही, आणि वर्षभर तू भाजीत मीठ विसरत राहिलीस. बाबा मुकाट्यानं खायचे.

पुढच्या भाऊबीजेला तू निरोपावर निरोप धाडलेस, तेव्हा कुठे तो आला. ओवाळून झालं आणि तू दोघांना बजावलंस, "जेवताना राजकारण नाई. जो काढंल त्याले वरण नाई." दोघं माना खाली घालून बसले. मी वाढते आहे, तू चुलीपाशी. शेवटी बाबा म्हणतात, "यंदा बैल चांगले हायेत." तुझा चेहरा खुलतो. मामा म्हणतो, "भाऊजी, सगळे बैल एकाच गाडीले जुंपले तं वजन कसं आरामात निंगते!" बाबा म्हणतात, "घरची गाडी असल्यावर आपले बैल दुसऱ्याच्या गाडीले काऊन जुंपाचे?" तू कौतुकानं ऐकते आहेस. इतक्यात मामा पाटावर हात आपटतो, "अन् गाडी हाकाले थो मुंबईचा धुरकरी का वाईट हाये?"

"बैलबी बंद!" तू ओरडलीस.

बाबांनी घाबरत विचारलं, "पाऊस चालंल?" तू हो म्हणालीस. मामा पुटपुटला, "तिकडं कोकणात लय पडते, थो आपल्यालेबी..." पाऊसही बंद झाला. मग तू पदर खोचून दोघांपुढे उभी राहिलीस.

"भाऊ, तुह्या राज्यात नागभीड अन् धानोरा कुठी येते?"

"एकाच राज्यात."

"अन् तुमच्या हो?"

"एकाच," बाबा म्हणाले.

"मंग मी वरीसभर भावाबिना काऊन राह्यली?"

बाबांनी वरणाचं भांडं स्वतः उचलून मामाला वाढलं, आणि तू चुलीकडे तोंड फिरवून धुराच्या नावानं डोळे पुसलेस. पुढे मामाच्या मनासारखं झालं. बाबा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, "अजून वेळ गेली नाई." पण कोणी पुन्हा पानावरून उठलं नाही.

तू असतीस तर धाडला असता, आता हा कागद मी घडी करून लुगड्यांखाली ठेवणार आहे. घरात कुणी वाचला तर विदर्भावरून पुन्हा जुंपेल. माझ्या घरीही तुझीच बंदी आहे, मुलगा आणि जावई एका पंगतीला बसतात म्हणून. परवा ती मोडली, आणि विदर्भावर पहिलं तोंड मीच उघडलं. लय मजा आली, माय.