धरून ठेवलेली खुर्ची

प्रिय सुनीवा,

अक्षर वेडंवाकडं दिसेल, पण हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. श्रीमती लुंड टाइप करून देते म्हणाल्या, मी नको म्हटलं. त्या जरा रुसल्याच. माझ्या कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर राणीचं एखादं पत्र आपल्या नजरेखालून न जाता बाहेर पडावं, हे त्यांना सोसत नाही.

ख्रिसमसच्या जेवणात तू मला सगळ्यांसमोर विचारलंस, “आई, तू त्या खुर्चीवरून मरेपर्यंत उठणारच नाहीस का?” तुझ्या मावशीचा काटा हवेतच राहिला. तुझ्या एइनारने बिचाऱ्याने ताटात डोकं घातलं. आणि मी काय म्हणाले? “बटाटे घे, गार होतायत.” तू बटाटे घेतलेस, पण पुढे दोन दिवस माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोललीस. निघताना बोटीच्या धक्क्यावर एइनारने मला मिठी मारली, तू हात मिळवलास. तुला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. आईला माझ्यावर भरवसा नाही, मेंढ्यांची डॉक्टर राज्य काय सांभाळणार असं तिला वाटतं, म्हणून ती खुर्चीला चिकटून बसली आहे. वर्तमानपत्रंही तेच लिहितात. ‘डिंकराणी’ म्हणून माझं व्यंगचित्र काढलं होतं एकाने, तुझ्या बाबांनी ते कापून न्हाणीघरात लावलं होतं, आठवतं?

मी गादीवर कशी आले ते तुला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. पुस्तकात नाही ते सांगते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि उत्तरेकडच्या हिमनदीवर बर्फाचे नमुने काढत होते. पुढे तोच अभ्यास करायचा, असं पक्कं ठरलं होतं. आठवड्याची रसद घेऊन सॉल्वे नावाचा एक म्हातारा नावाडी यायचा, भलताच तोंडाळ. “चिखलाचे बूट घेऊन माझ्या नावेत चढलीस तर पाण्यात ढकलीन,” असं राजकन्येला सांगणारा तो एकटाच. त्या दिवशी तो वेळेआधी आला. मी नेहमीप्रमाणे माझी नमुन्यांची पेटी उचलली, तर त्याने टोपी काढली आणि म्हणाला, “द्या, मी घेतो. तुम्ही नका उचलू.” ‘तुम्ही’ म्हणाला, सुनीवा. तेवढ्यावरून मला कळलं, बाबा गेले. परतीच्या वाटेवर मी त्याला म्हटलं, “सॉल्वे, माझ्या बुटांना चिखल आहे.” तो समोर बघत वल्हवत राहिला. “असू द्या,” म्हणाला. मी रडले ती तेव्हा.

मग शुक्रवार सुरू झाले. दर शुक्रवारी मंत्रिमंडळ टेबलाभोवती बसतं, कागद वाचले जातात, मी सही करते. लोकांना वाटतं राणी राज्य करते. राणी ऐकते, बाळ. पहिल्या वर्षी मला ते अजून समजायचं होतं. स्कारदालच्या खोऱ्यात धरण बांधायचा कायदा आला तेव्हा तिथले लोक राजवाड्याच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. घोषणा नाहीत, काही नाही, नुसते उभे. एक बाई मात्र ओरडली, “सही करू नकोस गं! तूही कुणाची तरी लेक आहेस!” मी पंतप्रधान ब्रेक्के यांना म्हटलं, मला ही सही करायची नाही. त्यांना राग आला नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “राणीसाहेब, लोकांनी निवडून दिलेल्यांना राणी ‘नाही’ म्हणाली, की ती राणी राहत नाही, पुढारी होते. मग तिलाही निवडणूक लढवावी लागेल. लढवणार?” मी सही केली. पण त्यांना म्हटलं, खोऱ्यातलं चर्च पाण्याखाली जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी तिथे जाणार, एकटी, भाषण न करता. गेले. कोणी माझ्याशी बोललं नाही. प्रार्थना संपल्यावर तीच बाई किटली घेऊन रांगेने कॉफी देत आली. माझ्यापाशी थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि मग माझाही कप भरला. “साखर संपली,” एवढंच म्हणाली. आज त्या चर्चवर तलाव आहे. देशात वीज आहे, आणि त्या बाईचंही खरं होतं.

हे सगळं मी पेललं, आणि आवडलंही मला, खोटं कशाला सांगू. तुझे बाबा भेटले ते याच आयुष्यात. पण पहिली कित्येक वर्षं पहिलं बर्फ पडलं की मी खिडकीशी जायची नाही. तुझ्या बाबांनी ते ओळखलं होतं. ते पडदा ओढून घ्यायचे आणि पत्ते काढायचे.

तू तिकडे उत्तरेला जनावरांची डॉक्टर म्हणून गेलीस तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं, दोन-तीन वर्षांचा नाद आहे, येईल परत. मीही धरलं होतं. मग एका वसंतात, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, मी न कळवता तुमच्याकडे आले. तुला वाटतं मी तुला अंगणात पहिल्यांदा पाहिलं. नाही. त्याआधी मी गोठ्याच्या दाराशी उभी होते. तू गुडघ्यांवर बसली होतीस, हात कोपरापर्यंत मेंढीच्या पोटात, आणि तोंडातून अशा शिव्या, की माझा अंगरक्षक लाजून आभाळ बघू लागला. मग ते आडवं आलेलं कोकरू बाहेर आलं, शिंकलं, आणि तू हसलीस. राजवाड्यात लहानाची मोठी झालीस, पण तुझं ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मागच्या मागे वळले, अंगणात गेले आणि मोठ्याने हाक मारली.

त्याच उन्हाळ्यात तेव्हाच्या पंतप्रधानांनी विषय काढला. माझं वय झालं होतं, शेजारच्या देशांत राजे मुलांना गादी देऊन मोकळे होत होते, आणि लोकांना तू आवडत होतीस. मी म्हटलं, “अजून नाही.” त्यांनी कारण विचारलं. “माझी तब्येत ठणठणीत आहे,” म्हटलं. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी विचारायचं आणि मी तब्येत पुढे करायची. शेवटच्या आजारात तुझे बाबा म्हणाले, “राग्ना, पोरगी समजते तू तिला नालायक ठरवतेस. सांगून टाक ना तिला.” मी म्हटलं, “सांगितलं तर ती त्याच दिवशी बॅग भरून येईल. तुम्ही ओळखता तिला.” ते हसले आणि म्हणाले, “मग कर सहन तिचा राग.” केला. फार जड गेला, पण तिकडून तुझा दरवर्षी कोकरांचा फोटो यायचा, आणि त्याच्या एका कोपऱ्यात तू असायचीस.

आता मात्र माझा हात ऐकत नाही. मागच्या शुक्रवारी सही करताना पेन कागदावरून घसरलं आणि तिथे माझं नाव उरलं नाही, नुसती रेघ उरली. सगळ्यात तरुण मंत्रीणबाई फार गोड आवाजात म्हणाल्या, “छान झाली हो, महाराणी.” लहान मुलाच्या चित्राला म्हणतात तसं. मला तिथेच कळलं, आता पुरे.

म्हणून हे पत्र. मध्य-उन्हाळ्याच्या सणाला मी गादी सोडते आहे. पंतप्रधानांना सांगितलं आहे, बाहेर अजून कोणाला ठाऊक नाही. मी उतरेपर्यंत तुला ‘नको’ म्हणायचा हक्क आहे, कायद्यात तसं स्पष्ट आहे. तुझा मावसभाऊ मॅग्नस तयार आहे. तो चांगला करेल, आणि तुला कोणी नावं ठेवली तर आधी माझ्याशी गाठ आहे. तू घेतलीस, तर तूही चांगली राणी होशील. याबद्दल मला कधी, एक दिवसही, शंका नव्हती. हे तुला खूप आधी कळायला हवं होतं, पण तेव्हा कळलं असतं तर तुला निवड उरली नसती. मला तेविसाव्या वर्षी कोणी विचारलं नव्हतं. मी तुला विचारते आहे. उत्तर लिहून पाठवू नकोस, फोनही करू नकोस. मंगळवारच्या बोटीने मी तुमच्याकडे येते. धक्क्यावर तू एकटी ये, आणि घरी जाईपर्यंत वाटेत मला सांग. ‘हो’ म्हणालीस तर शेजारी बसून जमेल तेवढं शिकवेन. ‘नाही’ म्हणालीस तर एइनारला म्हणावं, गोठ्यावरची ती छोटी खोली झाडून ठेव. उन्हाळ्यानंतर एका रिकाम्या म्हातारीला राहायला जागा लागणार आहे.

तुझीच,
आई