लिफ्टमधला हत्ती

४ मे
ती. दादास,
सा. न. वि. वि.
भिंगरी सुखरूप पोचल्याचं फोनवर कळलं. तरी पत्र लिहितेय, कारण फोन केला की माझी पोरगी कान टवकारून तुझ्या शेजारी बसते, आणि बोलायचं तिच्याविषयीच आहे. शाळेच्या बाईंनी निक्षून सांगितलंय, सुट्टीनंतरच्या भेटीत ती परक्या माणसापुढे बोलली नाही तर पहिलीत घेणार नाहीत. घरातसुद्धा मान हलवून काम भागवते. माझ्या मते हा सगळा त्या कार्टूनचा प्रताप. माझी परीक्षा आटपेपर्यंत तुझ्याकडे टीव्ही बंद म्हणजे बंद! तुझ्या लिफ्टदुरुस्तीच्या गोष्टी सांग हवं तर.
लोभ असू द्यावा, रिमोट कपाटात असू द्यावा.
तुझी,
छोटी

१३ मे
चि. छोटीस,
अ. आ.
खाली बस, मग वाच. रिमोट बाहेर आला. माझ्या गोष्टी ऐकता ऐकता भिंगरी घोरू लागली, असा अपमान कोण सोसेल? म्हणून कार्टून लावलं. तर पडद्यावर एक हत्ती लिफ्टमध्ये शिरला, लिफ्ट वर निघाली, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजनही वरच निघालं! एकही वर्ग न करता, निव्वळ जुन्या लिफ्टा उघडून मी हे काम शिकलोय. पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात ती पेटी, वर गेला की वजन खाली आलंच पाहिजे. मी चित्र थांबवून हे सविस्तर समजावलं. पुढे पाहतो तर दार उघडं ठेवून लिफ्ट चालू! पुन्हा थांबवलं. आणखी एकदा थांबवल्यावर भिंगरी सोफ्यावर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, की हत्ती चक्क बोलतो त्याचं मामाला काही नाही, आणि वजनाचाच एवढा राग का?
छोटे, मी रिमोट तिच्या हाती देऊन टाकला. मी!
रागाव, पण माया पातळ करू नकोस.
दादा

१७ मे
ती. दादास,
सा. न.
शहाण्याला राखणीला ठेवलं, तर शहाणाच टीव्हीपुढे मांडी ठोकून बसला! शाळेत हत्ती भेटणार नाहीये, बाई भेटणार आहेत. आजच्या आज बंद कर.
पण खरंच एवढं लांब बोलली? तिचे शब्द जसेच्या तसे पुन्हा लिहून पाठव.
रागासकट तुझीच,
छोटी

२२ मे
चि. छोटीस,
अ. आ.
बंद केलेलं नाही. कामाची पद्धत ऐक. संध्याकाळी एकच कार्टून, मी शेजारी. मध्येच थांबवायचं आणि पुढे काय होईल ते तिने सांगायचं. एकटीला बसवून पाहिलं, तर डोळे विस्फारून गप्प बघते. शेजारी भांडायला माणूस लागतो, आणि त्या बाबतीत आपलं घराणं पक्कं. काल कासव खोटं बोललं. मी म्हणालो, लबाड आहे. ती म्हणाली, लबाड नाही, घाबरलंय. त्यावर एवढी हुज्जत झाली की चहाचं सरबत झालं. लोणी सांडल्यावर माकड का घसरलं, हेही तिनेच मला समजावलं; ‘घर्षण’ हा शब्द वापरून!
फुशारकी पुरे. आज शेजारचा शिंपी आला, तर बाईसाहेब माझ्या पायजम्यामागे लपल्या. परक्यापुढे तोंड उघडेल याची खात्री मी देत नाही. मीही धास्तावलोय.
आशीर्वाद आहेतच, तूही थोडा धीर पाठव.
दादा

११ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. आज भेट झाली. बाईंनी मला बाहेर बसवलं आणि दार लोटून घेतलं. मी दाराला कान लावला. बाईंचाच आवाज: चित्र दाखवलं, अस्वल काय करतंय विचारलं. शांतता. पुन्हा विचारलं. शांतता. दादा, मी दार ढकलायला हात उचलला. मग बाई आपल्याच म्हणाल्या, की अस्वल चिडलेलं दिसतंय. आणि आतून आपली कार्टी कडाडली, की चिडलेलं कसं असेल, भुवया बघा ना, त्याला आई सापडत नाहीये! मग ती आई कुठे गेली असेल, अस्वल कुठल्या वाटेने जाईल, सगळं सांगत सुटली. बाईंनी दोनदा आवरतं घ्यायला सांगितलं, तर म्हणे, अजून संपलं नाही.
पहिलीत घेतलं!
बाहेर रांगेतल्या आया मला विचारत होत्या, आत कोणाची एवढी बडबडी मुलगी आहे? माझी, माझी, असं मी प्रत्येकीला वेगळं सांगितलं.
प्रेम आहेच, त्यात आज चांगली भर घालून घ्यावी.
तुझी,
छोटी