निकालाआधीचा मलिदा

गुरुवार, २६ जून

स्टॅटिस्टिक्समध्ये नापास! बाकी सगळे विषय सुटले, नेमकी हीच धोंड आडवी आली. बावन्नाव्या वर्षी नापास होण्याचं एक सुख आहे — ओरडायला कुणी नसतं. अब्राहमने फक्त विचारलं, "म्हणजे आता काय?" मी म्हटलं, "म्हणजे आता चहा."

शुक्रवार, २७ जून

क्लोईला भेटले. युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जाचं बघते ती मुलगी. नखं निळी, स्वभाव लोण्यासारखा. म्हणाली, ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा. पास झालीस तर सेकंड इयर. नाहीतर पहिलं वर्ष पुन्हा. आणि सरकार नापासांसाठी एकच जास्तीचं वर्ष देतं — ते तू वापरून बसली आहेस!

कधी वापरलं मी? तर मुंबईत एफवायला होते ते. तेहेतीस-चौतीस वर्षांपूर्वीचं! लग्न ठरलं, अब्राहमच्या मामांनी त्याला इकडे इंग्लंडला बोलावून घेतलं, आणि मी अर्धं कॉलेज टाकून विमानात बसले. तेही धरतात म्हणे. "सॉरी ईवा, प्रीव्हियस स्टडी इज प्रीव्हियस स्टडी." म्हणजे आता नापास झाले तर पुढची फी आपल्या खिशातून, आणि आमच्या खिशाला ते झेपणारं नाही. कॉलेज पुन्हा सुटणार!

रविवार, २९ जून

सोडलं. पुस्तक मागच्या शेडमध्ये, लॉनमोअरच्या पाठीमागे. फार हलकं वाटतंय.

सोमवार, ३० जून

अजिबात हलकं वाटत नाहीये.

रविवार, ६ जुलै

टालिया आली होती. "आई, तू गिव्ह अप नाही करायचं! माझा मदत घे ना." माझी लेक बँकेत एवढाले आकडे सांभाळते, पण मराठीत तिची मदतसुद्धा पुल्लिंगी. हसून हसून पुरेवाट झाली. मग ती म्हणाली, "डॅड, यू से समथिंग!" अब्राहम वाटाणे सोलत राहिला. सुटलो एकदाचे, असंच वाटत असणार त्याला. गेलं वर्षभर गार जेवलाय बिचारा. तरी पण... काहीतरी बोलायला हवं होतं.

बुधवार, ९ जुलै

आज गंमत. अब्राहम बसच्या शिफ्टवरून आला आणि टेबलावर एक चुरगळलेला कागद टाकला. प्रत्येक फेरीला त्याची बस किती मिनिटं उशिरा पोचली ते लिहिलेलं! म्हणे, "वॉटफर्डमधले पॅसेंजर रोज मला शिव्या घालतात. तू सांग, मी खरंच एवढा लेट असतो?"

सरासरी तोंडीच सांगितली. "आणि कधी फार लेट, कधी जरासा — त्याला काय म्हणतात?" स्टँडर्ड डेव्हिएशन! पण सूत्र काही आठवेना. तणतणत शेडमध्ये गेले. लॉनमोअर कुणीतरी आधीच बाजूला करून ठेवलेला!

गुरुवार, ३१ जुलै

रोज नवा कागद येतो. कधी डेपोच्या पावतीवर, कधी केळ्याच्या पिशवीवर. माझा नवरा सोमवारी जास्त लेट असतो की शुक्रवारी, आणि तो फरक खरा की योगायोग, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते. जगात किती बायकांना हे सांगता येईल?

मंगळवार, १९ ऑगस्ट

परीक्षा झाली! शेवटचा प्रश्न काय असावा — दवाखान्यात पेशंटना किती थांबावं लागतं त्याचं विश्लेषण! मला तर डोळ्यांपुढे अब्राहमची बसच दिसायला लागली. हॉलमध्ये खुदकन हसले. शेजारचा पोरगा दचकला.

पेपर देण्याआधी मनातल्या मनात आम्हा मराठी ज्यूंच्या हाकेला धावणाऱ्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला नवस बोलले. पास होऊ दे, तुझ्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करीन. कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

अब्राहम म्हणतो, रविवारी मलिदा! लोकांना आमंत्रणंसुद्धा गेली! मी भडकलेच. "अरे, निकाल सप्टेंबरात! नवस पुरा व्हायच्या आधी कुणी फेडतं का?" माझ्या नवसाचा याला पत्ता लागलाच कसा? हा शांतपणे नारळ कानाशी धरून हलवतोय. "होऊ दे गं." एवढंच.

रविवार, २४ ऑगस्ट

मला किचनमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. पोहे स्वतः भिजवले — पार गिचका! त्यात खोबरं, साखर, वेलची, बदाम. वर फळं, मधोमध बागेतले गुलाब. दिसायला मात्र झकास. प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी दोन-दोनदा घेतला. आणि जो तो मला "कॉंग्रॅट्स!" मी कानकोंडी. "अहो, निकाल यायचाय अजून!" कुणी ऐकेल तर शपथ. टालिया म्हणते, "आई, एन्जॉय कर ना." केलं. घर इतकं गजबजलेलं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पण आता नापास झाले तर तोंड कुठे लपवू?

गुरुवार, ४ सप्टेंबर

पास! पास! पास! काठावर नाही, चांगल्या भरघोस मार्कांनी! कर्ज चालू, सेकंड इयर चालू! क्लोईचा मेल — नुसत्या टाळ्या. मी चपला न घालताच बागेत धावले. शेजारच्या मांजरालासुद्धा सांगितलं. आनंद आनंद आनंद.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

सकाळी चहाला म्हटलं, चला, आता माझा मलिदा करायचा. मागचा घाईत उरकलास, तो काही धरायचा नाही.

अब्राहम म्हणाला, "तो माझा होता. तू पुस्तक शेडमध्ये टाकलंस त्या दिवशी मीच नवस बोललो होतो. ती परीक्षेला बसू दे, एवढंच. पास-नापास मी मागितलंच नव्हतं."

मग माझ्याकडे पाठ करून कप विसळायला लागला.

"एकदा माझ्यासाठी वर्गातून उठून आली होतीस ना."