सेन्याचं सरकार आणि माझ्या दोन बादल्या

रायसाताईस धाकट्या अन्फीसाचा कमरेतून वाकून नमस्कार (जितकं वाकता येतं तितकं, माझी कंबर तुला ठाऊकच आहे).

तुझ्या गुडघ्यांना उतार पडला का? वोलोग्दाच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम लावतेस की नुसतंच शेजारणींना दाखवतेस? इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. क्षेम कसलं, डोंबल! ताई, आपल्या गावाने माझ्यावर देशाचं सरकार पाडल्याचा आळ घेतला आहे. होय, मी. पेन्शनवर जगणारी बाई.

आपल्या दिवंगत बहिणीचा सेन्या, माझ्या हातचं कोबीचं सार पिऊन वाढलेला, वसंतात पंतप्रधान झाला आणि ब्याऐंशी दिवसांनी परत आला, हे तू टीव्हीवर पाहिलंसच. तो एवढा चढला कसा, याचं लोकांना कोडं पडतं, मला नाही. लहानपणी तो अडखळत बोलायचा, म्हणून बोलायचंच टाळायचा. सामूहिक शेताच्या बैठकीत गप्प बसला, लोक म्हणाले समंजस आहे. जिल्ह्यात गप्प बसला, म्हणाले विश्वासू आहे. मॉस्कोच्या मंत्रालयात सहा वर्षं गप्प बसला तेव्हा ठरलं की हा माणूस फार खोल आहे. (खोल कसला! मुरंब्याची बरणी फस्त केली की माझ्यापुढेही अस्साच बसायचा.) शेवटी वरच्या दोन गटांत जुंपली आणि दोघांनाही वाटलं सेन्या आपलाच, कारण त्याने जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. झाला पंतप्रधान.

बोलावणं आलं तेव्हा तो आईच्या कबरीवर फुलं ठेवायला गावी आला होता. घरात सोळा माणसं जमली. निघण्यापूर्वी सगळे रीतीप्रमाणे क्षणभर मुकाट बसले, मग उठले. सेन्याने मला विचारलं, मावशी, तुला काय पाठवू? मी म्हटलं, मला काही नको, गावात गॅस आण. सत्तरीच्या बायका अजून लाकडं फोडतात. तो गाडीकडे गेला आणि मी बघते तो चहाचा सामोवार कोरडा ठणठणीत. (गावप्रमुख गुरी पाखोमिचने एकट्याने सात पेले ढोसले होते, हे लक्षात ठेव.) पाहुणे अजून थांबलेले, म्हणून बादल्या उचलून मी विहिरीकडे धावले, आणि नेमकी त्याच वेळी गाडी वळली. शेजारची उस्तिन्या अशी किंचाळली की कोंबड्या छपरावर चढल्या. का, तर बाई रिकाम्या बादल्या घेऊन आडवी गेली! आता जाणाऱ्याचं वाटोळं ठरलेलं!

ताई, मी एकतीस वर्षं इथली ग्रंथपाल होते. दर हिवाळ्यात क्लबात अंधश्रद्धेवर भाषण देत होते, तक्त्यासकट. त्या तक्त्यावर बादलीवाली बाई होती आणि तिच्यावर लाल फुली मी स्वतः मारली होती. त्याच गावाने माझ्याशी असं वागावं?

आधी कोणी काही बोललं नाही, कारण गॅसची आशा होती. प्रत्येकाने आपापल्या घरापुढे पाइपसाठी चर खणून ठेवला. गुरीने तर स्वयंपाकघराच्या भिंतीला भोकसुद्धा पाडलं. मग सेन्याला टीव्हीवर कोणीतरी गॅसबद्दल विचारलं आणि आमचा मुका जन्मात पहिल्यांदा घडाघडा बोलला: ज्या देशांची नावं माझ्या मावशीला उच्चारता येत नाहीत तिथे आपला गॅस पोचतो, मावशीकडे मात्र पोचत नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत त्याला काढलं. दोन्ही गटांना तो दुसऱ्याचा वाटला म्हणे. यात माझ्या बादल्यांचा काय संबंध, तूच सांग!

पण गुरीने सभा बोलावली. “अन्फीसा, तुझ्या दोन बादल्यांत अख्खं मंत्रिमंडळ बुडालं गं!” मी म्हटलं, “आणि त्या रिकाम्या कोणी केल्या रे, सात पेलेवाल्या?” तर लोक हसायचं सोडून माझ्यावरच उखडले. ठराव झाला की मी बादली घेऊन विहिरीकडे फिरकायचं नाही. विरोधात एक मत, माझं.

तेव्हापासून माझं पाणी माजी पंतप्रधान भरतो. चिखलाच्या बुटांनी घरात येतो, मी ओरडते, तर उलट उत्तर देतो! विहिरीवर उस्तिन्याशी तिच्या गाईबद्दल अर्धा अर्धा तास बोलतो आणि एकदाही अडखळत नाही. मॉस्कोहून आणलेली त्याची छातीच्या गोळ्यांची बाटली खिडकीत न उघडता पडून आहे. रात्री असा घोरतो की मांजर बाहेर झोपते.

असो. मी विचाराने चालणारी बाई आहे. या भाकडकथांपुढे मी मान तुकवणार नाही.

तुझी (संतापलेली)
अन्फीसा

ता. क. खारवलेली अळिंबी बरणीत घालून ठेवली आहेत. गेल्या वर्षीची रिकामी बरणी अजून तुझ्याकडेच आहे.

आणखी ता. क. काल पोस्टात सेन्याला मॉस्कोहून फोन आला. तिकडे पुन्हा भांडण, पुन्हा गप्प बसणारा माणूस हवा आहे. शनिवारी सकाळी दहाला गाडी येणार. गावाला वाटतंय गॅस आलाच. गुरीने भिंतीच्या भोकातला बोळा काढला. आणि सेन्या घरी आला तो “मा-मा-मावशी” करत. गोळ्यांची बाटली उघडली. त्याला जायचं नाही, पण नाही म्हणायला तो शिकलाय कुठे? ताई, लाकडं मी साठ वर्षं फोडतेय, आणखी फोडीन. मला माझा मुलगा हवा आहे.

सर्वांत महत्त्वाचं: खबरदारी म्हणून गुरीने माझ्या दोन्ही बादल्या त्याच्या कचेरीत कुलपात ठेवल्या आहेत (पाणी उस्तिन्या आणून देते). तेव्हा शुक्रवारच्या बसने, ड्रायव्हर तीखोनच्या हाती, तुझ्या दोन बादल्या न विसरता पाठव. मोठ्या पाठव, आणि झाकणं नकोत. रिकाम्या आहेत हे गाडीतून स्पष्ट दिसलं पाहिजे.